नाव सातबाऱ्यावर आहे, पण कुठल्या रकान्यात?

मळणी

स्त्रीमुक्तीवरचं एकही पुस्तक न उघडलेल्या बाईला स्त्रीवाद कुठे भेटतो, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तलाठी कार्यालय हे आहे. (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच.)

सातबारा समोर धरा. गाव नमुना सातमध्ये एकीकडे भोगवटादारांची, म्हणजे जमीन ज्यांची आहे त्यांची नावं असतात. उजव्या बाजूला 'कुळ, खंड व इतर अधिकार' हा रकाना असतो. विहिरीतला हिस्सा, सोसायटीचा बोजा, बँकेचं तारण हे सगळं तिथे येतं. बाप वारला की कितीतरी गावांत मुलांची नावं भोगवटादारात चढली आणि आई-बहिणींची नावं उजवीकडे बोजाच्या ओळीखाली गेली. त्या रकान्यातल्या नावावर पीककर्ज मिळत नाही आणि सरकारी योजनेत ती बाई शेतकरी धरली जात नाही. तीस वर्षं त्याच रानात खुरपणी केलेल्या बाईला हा रकाना बोटाने दाखवला की पुढचं फारसं समजवावं लागत नाही.

ही वाट नवी नाही. 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली छापून आली, ती लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. घरी वडिलांकडून मिळालं तेवढंच शिक्षण, बाकी सगळं आजूबाजूला बघून. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. तिथे आलेल्या बायका शेतावरच्या कामातून आल्या होत्या. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम उभा राहिला. ज्या गावातले शंभर घरधनी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. सरकारनेही १९९२ साली त्यासाठी शासन निर्णय काढला.

बचत गटांत, शेतकरी गटांत हे काम करणाऱ्यांसाठी हा धागा. बैठक कशी घ्यायची, अर्ज कसा करायचा, गाडी कुठे अडते, ज्यांना नेमकं माहीत आहे त्यांनी लिहा.

पाणंद

बैठकीपासून सुरुवात करतो. सातबारा पहिल्या मिनिटाला काढू नका. आधी काम, मग कागद.

पंधरा ते वीस जणी असाव्यात. जास्त झाल्या की मागच्या ओळीतल्या बोलत नाहीत. दुपारी दोन ते चार ही वेळ चालते. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत बैठक ठेवूच नका. जागा समाजमंदिर किंवा अंगणवाडी. पाटलाच्या ओसरीवर घेतली तर तिथे बसलेले पुरुषच उत्तरं देतात.

जमिनीवर खडूने दोन आडव्या पट्ट्या आखा, एक बाईची आणि एक घरच्या पुरुषाची. प्रत्येक पट्टीसाठी चोवीस शेंगदाणे, एक दाणा म्हणजे एक तास. झोप, स्वयंपाक, पाणी, गुरं, रान, मुलं, बाजार, पार अशी घरं करून दाणे वाटायला सांगा. इथे एक चूक हमखास होते. बायका पाणी भरणं आणि लेकरांचं करणं 'काम' म्हणून मांडतच नाहीत, ते दाणे विश्रांतीत जातात. तेव्हा लगेच टोकू नका. मांडणी पूर्ण होऊ द्या, मग विचारा, "या विश्रांतीत कोण बसलं होतं?" दाणे उचलून परत ठेवायला त्या स्वतःच पुढे येतात. या कामासाठी एवढा वेळ द्यायलाच हवा. चाळीस मिनिटं लागतात, घाई केली की सगळं वाया.

मग पैसा. कापूस विकल्यावर हिशोबाची पावती कुणाच्या नावाने होते, दुधाचं बिल कुणाच्या खात्यावर जमा होतं, खताला पैसे कोण मोजतं.

आणि शेवटी उतारा. ज्याच्या-त्याच्या घरचे सातबारे आणि आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) आधीच काढून ठेवा. महाभूमी या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. एक उतारा मोठा करून भिंतीवर लावा. बाईचं नाव भोगवटादारात असेल तर हिरवा गोल, उजव्या रकान्यात असेल तर लाल. हळदीकुंकवाची बोटं लावून घेणारे कार्यकर्ते आहेत, ते कृपा करून टाळा. गटात विधवा असतात आणि ज्यांच्यासाठी बैठक घेतली त्याच मागे सरकतात. स्केचपेन पुरे.

कंसाकडे लक्ष द्या. नाव कंसात असेल तर ते कमी झालेलं आहे. शेजारी फेरफाराचा, म्हणजे नावात झालेल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक असतो, तो टिपून घ्या. बहिणीच्या नावाला कंस कधी झाला आणि कशाच्या आधारे झाला, हे त्या फेरफारात सापडतं.

दस्तनोंद

पाणंद यांनी फेरफार क्रमांकाचं सांगितलं ते फार महत्त्वाचं. त्याच्या पुढचं मी लिहितो.

वारस नोंद. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, हे आधी बाईला सांगा. बरीच वर्षं झाली म्हणून गप्प बसलेल्या पुष्कळ असतात. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-वय-पत्ता-नातं लिहिलेलं शपथपत्र किंवा स्वयंघोषणा, सातबारा, आठ-अ, आधार. ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही भरता येतो. वारस नोंदीला मुद्रांक शुल्क नाही.

तलाठी चौकशी करून वारस रजिस्टरला, म्हणजे सहा-क मध्ये नोंद घेतो, मग फेरफार नोंदवहीत. हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लागते. हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाऊन सुनावणी लागते, नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

गडबड होते ती वारसांच्या यादीत. अर्ज भाऊ करतो, यादी भाऊ देतो आणि लग्न झालेल्या बहिणीचं नाव यादीतच नसतं. ती नांदते दुसऱ्या तालुक्यात, चावडीवरची नोटीस तिला दिसणार कशी? म्हणून महाभूमीच्या संकेतस्थळावर 'आपली चावडी' उघडायची सवय लावा. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. माहेरी कुणी वारलं असेल तर सहा महिने दर आठवड्याला बघावं. पंधरा दिवसांत हरकत घालणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. नोंद प्रमाणित झाल्यावर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) कलम २४७ खाली अपील, मुदत साठ दिवस. मुदत गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा, आणि नोंद झाल्याचं आपल्याला कधी कळलं ती तारीख त्यात लिहायची.

दुसरी अडचण नावाची. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, शाळेच्या कागदावर तिसरंच. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा, नाहीतर त्या एका कारणावर अर्ज परत येतो.

हिस्सा किती, हे बाईने स्वतः मोजून बघावं. सोपं उदाहरण घेऊ. नवऱ्याच्या स्वकष्टाची २ हेक्टर जमीन, मृत्युपत्र नाही. मागे बायको, आई, दोन मुलगे, एक मुलगी. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे हे पाचही जण पहिल्या वर्गातले वारस, सगळ्यांना सारखं. प्रत्येकी ४० आर, म्हणजे एकराच्या आसपास. 'आईचं काय, ती मुलांतच राहणार' हे वाक्य कायद्यात कुठेही नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर मृत्यूच्या आधी वाटणी झाली असं मानून मृताचा हिस्सा आधी काढावा लागतो. तिथे वकिलाशिवाय आकडा सांगू नका.

उंबराची सावली

मुलींच्या हक्काबद्दल गावात अजून गोंधळ आहे. "लग्न १९९४ च्या आधी झालं, तुला काही नाही," असं अगदी शिकलेले लोक सांगतात. ते कुठून आलं ते समजून घेतलं तर उत्तर देता येतं.

महाराष्ट्राने देशाच्या आधी, २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत सहदायक, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार, केलं, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती आली, तिच्यात लग्नाची अट नाही. मग वाद निघाला की बाप त्या दिवशी जिवंत हवा का? ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात तो मिटवला. हक्क जन्माने आहे, बाप हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या मात्र उघडता येत नाहीत. "तोंडी वाटणी झाली होती" एवढ्यावर सहसा भागत नाही.

उताऱ्यावर भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या तीन अक्षरांमागे बहिणींची आणि आईची नावं दडलेली असू शकतात. जुना फेरफार काढून मूळ खातेदार कोण होता ते बघायचं, आणि सर्व वारसांची नावं लावून ए.कु.मॅ. शेरा कमी करण्याचा अर्ज द्यायचा.

कसदार

सगळं बरोबर आहे, पण एक प्रश्न मनापासून विचारतो. बहीण हिस्सा मागते आणि माहेर तुटतं. दिवाळीला बोलावणं नाही, बाळंतपणाला कुणी नाही. अडीअडचणीला शेवटी माहेरच लागतं. कागदावर जिंकून ती एकटी पडली तर तिला त्याचं काय करायचं? आणि ज्या बायका हे सगळं करतात त्यांतल्या कितीजणी स्वतःला स्त्रीवादी म्हणवतील?

मळणी

कसदार, प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊ नये असं वाटतं.

माहेर तुटण्याची भीती खरी आहे. म्हणून हक्क मागायचा की नाही हे ठरवणारे आपण कोण? बाईने ठरवावं. पण ठरवताना तिच्यासमोर आकडा हवा. ४० आर जिरायती रानाची आजची किंमत किती, हे न कळता सोडलेला हक्क म्हणजे तिचा निर्णय नव्हे. भाऊबीजेला साडी, ताटात पाचशेची नोट आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाकडे हक्कसोड, हा क्रम इतका ठरलेला आहे की बैठकीत नुसतं "भाऊबीज झाली की कुठे नेतात?" विचारलं तरी बायका एकमेकींकडे बघतात. तिथे कुणी व्याख्यान दिलेलं नसतं.

मधले रस्तेही आहेत. सगळा हक्क सोडण्याऐवजी थोडा हिस्सा ठेवून बाकीचा सोडता येतो. नाव लावून कसायला भावाकडेच देता येतं, वर्षाला ठरलेलं धान्य किंवा रक्कम लिहून घेऊन. नाव राहतं, नातंही राहतं.

स्त्रीवादी म्हणवण्याचं म्हणाल तर मला त्या शब्दाची घाई नाही. जिने स्वतःच्या नावाचा कंस पाहिला आणि "हा कुणी केला?" विचारलं, तिला शब्द उशिरा मिळाला तरी चालेल.

दस्तनोंद

हक्कसोडीबद्दल मळणीताईंच्या मुद्द्याला जोड. स्थावर मिळकतीवरचा हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृतच लागतो. साध्या स्टॅम्पपेपरवरचं संमतीपत्र किंवा तलाठ्यासमोर दिलेला "माझा हिस्सा नको" असा जबाब पुरत नाही. अशा जबाबावर नाव कमी झालं असेल तर तो फेरफार अपिलात टिकणं अवघड. म्हणूनच कंसाशेजारचा क्रमांक महत्त्वाचा.

सहीआधी तीन गोष्टी बघा. दस्तात गट नंबर, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांचे क्रमांक, कोणते आहेत. एका गटाचं सांगून सगळे गट घातलेले असतात. 'मोबदला' या शब्दापुढे काय लिहिलं आहे, रक्कम मिळाल्याचं लिहून ती न दिलेलीही सापडते. आणि हक्क नेमका कुणाच्या लाभात सोडला आहे, सगळ्या भावंडांच्या की एकाच भावाच्या. दस्त वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव लावायचं असेल तर दोन वाटा. लक्ष्मीमुक्तीच्या शासन निर्णयाप्रमाणे नवऱ्याने सहहिस्सेदार म्हणून नाव लावण्याचा अर्ज द्यायचा. त्या निर्णयाची प्रत सोबत न्या, कारण कार्यालयात तो माहीत नसल्याने अर्ज परत जातो. किंवा नोंदणीकृत बक्षीसपत्र. शेतजमीन किंवा राहतं घर पत्नीला बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. बक्षीसपत्राने दिलेलं परत मागता येत नाही, म्हणून ही वाट बाईच्या दृष्टीने भक्कम.

घराचं विसरू नका. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्याला, पतीबरोबर पत्नीचं नाव लावण्याचा शासन निर्णय २००३ पासून आहे. जमिनीपेक्षा हे लवकर होतं, विरोधही कमी. नव्या गटाने पहिलं काम हेच घ्यावं असं माझं मत.

गोदाकाठ

मराठवाडा-विदर्भात आत्महत्या झालेल्या घरांतल्या बायकांचं वेगळं लिहायला हवं, कारण तिथे नवरा जातो तेव्हा जमीन बहुधा सासऱ्याच्याच नावावर असते.

सासरा हयात आहे आणि जमीन त्याने स्वतः घेतलेली आहे, तर सुनेला आज हिस्सा मागता येत नाही. सासरा गेल्यावर ती आधी वारलेल्या मुलाची विधवा म्हणून पहिल्या वर्गातली वारस असते. जमीन वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याचा हिस्सा आजही तिचा आणि मुलांचा आहे, आणि सासूचाही. सासू-सून दोघी वारस आहेत हे पहिल्या भेटीतच दोघींना एकत्र बसवून सांगा. वेगवेगळं सांगितलं की दीर त्यातलीच एक आपल्या बाजूला ओढतो.

"दुसरं लग्न केलंस तर जमीन गेली" ही धमकी हमखास मिळते. वारसाने एकदा मिळालेला हिस्सा पुनर्विवाहाने जात नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावं इतकं मोलाचं आहे.

सरकारी मदतीचं म्हणाल तर पात्र प्रकरणात १ लाख रुपये. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत, ज्याचं व्याज दरमहा मिळतं. ठेव कुणाच्या नावावर आहे, पासबुक कुणाच्या ट्रंकेत आहे, हे विचारायचं राहूनच जातं.

दिवस-पाण्यातच कागद फिरतात. दहाव्याच्या गर्दीत सह्या घेतल्या जातात. त्या पंधरवड्यात गटातल्या दोघींनी रोज तिच्याकडे जाऊन बसावं. बोलायचं काही नसलं तरी चालेल, कुणी कागद पुढे केला तर तो वाचणारं कुणीतरी शेजारी असतं.

टिपरू

जमीनच नसलेल्यांचं काय? ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको मिळून एक. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती नवऱ्याच्या हातात, हिशोब त्याच्या नावाने. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, पण वहीत ती नाही. आजारपणात किंवा पाळीत एक दिवस गेला तर खाडा मात्र दोघांच्या नावावर पडतो. तिथे सातबारा वाचून उपयोग नाही, मुकादमाची वही वाचायची. रोज किती टन भरलं, खाडे किती, उचलीतून किती फिटलं, हे तिने स्वतःच्या छोट्या वहीत लिहायचं. लिहिता येत नसेल तर रेघा मारायच्या. हंगामाच्या शेवटी दोन वह्या शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. ऊसतोड कामगाराचं ओळखपत्रही तिच्या स्वतंत्र नावाने काढून घ्या.

मांडवी

गोव्यातून थोडं. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी संहितेमुळे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते, दोघांची अर्धी-अर्धी. विकताना दोघांच्या सह्या लागतात. मुलींनाही वारसा आहे. तरीही बहिणींकडून हक्क सोडून घेणं इथेही चालतं. कायदा बरा असला म्हणून बैठकीचं काम कमी होत नाही, एवढंच सांगायचं होतं.

उंबराची सावली

आदिवासी भागात काम करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, तिथे रूढी बघावी लागते. वर दस्तनोंद यांनी मांडलेलं ४० आरचं गणित नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या पाड्यावर जसंच्या तसं सांगू नका. पण वनहक्क कायदा २००६ मध्ये विवाहित जोडप्याचा पट्टा दोघांच्या संयुक्त नावाने द्यायची तरतूद आहे. पट्ट्याच्या कागदावर पत्नीचं नाव आहे का ते आधी तपासा.

पाणंद

नाव लागल्यावर काम संपलं असं समजून गट पांगतो, तिथे मोठी चूक होते. नाव तिचं आणि मोबाईल नंबर मुलाचा, असं झालं की ओटीपी, अनुदान, विमा सगळं परत त्याच्याच हातात जातं. शेतकरी ओळख क्रमांक काढताना, ई-पीक पाहणी करताना तिचाच नंबर द्या. आधार तिच्या एकटीच्या बँक खात्याला जोडलेलं आहे का बघा, संयुक्त खातं नको. नंतर गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचं सभासदत्व. तिथे मत मिळतं, आणि कर्ज कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या टेबलाशी बाई बसू शकते.

२०२५ च्या जिवंत सातबारा मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायचं काम गावोगाव झालं. तुमच्या गावात त्या वेळी झालेले फेरफार एकदा काढून बघा. मुली आणि विधवा भोगवटादारात आल्या की पुन्हा उजव्या रकान्यात गेल्या, ते मोजा आणि गट नंबरसकट यादी करून पुढच्या ग्रामसभेत वाचा.

कसदार

यादी करायला घेतो. आठ-अ वरून सुरुवात करू की थेट फेरफार नोंदवहीवरून?

दस्तनोंद

फेरफारावरून. आठ-अ मध्ये फक्त आज उरलेली नावं दिसतात, गाळलेली दिसत नाहीत.